कोपराचा गूळ आणि मधाचा थेंब

काही वाक्प्रचार नुसते ऐकून भागत नाही, अंगानं करून बघावेसे वाटतात. ‘कोपराला गूळ लावणे’ हा त्यातला. आजवर ज्या ज्या मुलीला मी तो समजावून सांगितला, तिनं आधी हात वाकवला, मान तिरकी केली, जीभ लांब काढून बघितली आणि मग हसली. कुणाकुणाची जीभ पोचते म्हणे. माझ्या बघण्यात तशी कुणी आलेली नाही. शाळेच्या पुस्तकात या वाक्प्रचारापुढे ‘खोटी आशा दाखवणे’ एवढाच अर्थ छापलेला असतो. तो चुकीचा नाही, पण तो वाचून कुणी हात वाकवून बघत नाही. अर्थ सांगताना पुस्तकानं गूळ तेवढा ठेवला आणि कोपर काढून टाकलं, असं काहीतरी होतं. आणि खरी गंमत, किंवा खरं दुखणं म्हणा, ते कोपरातच आहे.

या शब्दाकडे मी नव्यानं बघायला लागले ते एका इंग्रजी शब्दामुळे. माझी एक भाची वडोदऱ्याला दिलेली आहे. तिच्या मुलीला शाळेत ‘टँटलाइझ’ असा शब्द आला. तिनं फोनवर विचारलं, ‘आजी, याला मराठीत काय म्हणायचं? आई म्हणते तरसवणे.’ मी म्हटलं, तरसवणे हे हिंदीतून आलंय, चालेल, पण त्यात पोट भरत नाही. मग तिला कोपराचा गूळ सांगितला. तर ती म्हणाली, ‘हे तर आमच्याकडे गुजरातीत पण आहे, कोणीए गोळ!’ कोणी म्हणजे कोपर. म्हणजे बेळगावपासून बडोद्यापर्यंत सगळ्यांनी आपापला हात वाकवून बघितलाय तर.

इंग्रजी शब्दाच्या पोटात ग्रीकांची एक गोष्ट आहे. टँटलस नावाचा राजा होता. देवांच्या पंगतीला बसण्याइतका देवांचा लाडका. पुढं त्याच्याकडून काही भयंकर अपराध झाला. कुणी म्हणतं, त्यानं देवांचं अमृत चोरून माणसांत वाटलं. कुणी म्हणतं, पोटचा पोरगा मारून देवांना वाढला. पाताळात त्याला शिक्षा मिळाली ती अशी, की हनुवटीपर्यंत पाण्यात उभं राहायचं. प्यायला वाकला की पाणी आटतं, पायाखाली काळी माती दिसते. डोक्यावर डाळिंबं, अंजिरं, नाशपाती लगडलेली. हात वर केला की वारा फांद्या उडवून नेतो. होमरच्या ओडिसीत अकराव्या सर्गात हा देखावा आहे. होमर अपराध काय ते सांगत नाही, नुसतं तहानलेलं म्हातारं शरीर दाखवतो. ते वाचताना आपल्याही घशाला कोरड पडते.

पण शब्द म्हणून त्याचं पुढं काय झालं बघा. शिक्षा विसरली गेली, राजा विसरला गेला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या घरांत दारूच्या बाटल्या ठेवायचं एक लाकडी घोडं असायचं. बाटल्या बाहेरून दिसायच्या, पण वरच्या आडव्या दांडीला कुलूप; नोकरांनी बघावं, पिऊ नये. त्या वस्तूचंच नाव टँटलस. 1802 साली एकेबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाला एक धातू सापडला. त्याचं भस्म आम्लात बुडवलं तरी आम्ल शोषून घेईना, म्हणून त्यानं त्याला टँटलम नाव दिलं. तो धातू आज आपल्या मोबाईलमध्ये आहे. इथवर ठीक. पण आता खाण्याच्या जाहिरातीत नि अत्तराच्या खोक्यावर हा शब्द कौतुकानं छापतात. जो शब्द नरकातून आला, तो केकवर बसलाय. शब्द असे झिजतात, त्याला कुणी काय करायचं? तरी मला वाटतं, या शब्दाच्या जन्मातच ती झीज होती. टँटलस अपराधी आहे. त्याची तहान बघून वाईट वाटतं, पण मनात कुठंतरी असतंच, केलंस ते भोग. आणि त्याच्यापुढं फळ धरणारा कुणी माणूस तिथं उभा नाही. पाणी आपोआप आटतं, वारा आपोआप सुटतो.

मराठीतला गूळ आपोआप लागत नाही. ‘लावणे’ हे क्रियापद आहे, आणि लावणारा कुणीतरी समोर उभा आहे, हसतमुख.

आपल्याकडे या जातीचे शब्द काही कमी नाहीत. लहान पोरं करतात ते ‘टुकटुक’. हातात चिक्की धरायची, तुझ्याकडे नाही, टुकटुक माकड! दुसरं पोर रडतं, आईकडे जातं, मिटतं. टुकटुक करणारं पोर निदान प्रामाणिक असतं. देणार आहे असं ते कधी म्हणतच नाही. ‘हुलकावणी’त चपळाई आहे, पकडायला गेलं की निसटणं. ‘तोंडाला पानं पुसणे’ हे शेवटचं काम. जेवण न घालता जेवल्यासारखं तोंड करून पाठवायचं. ‘झुलवणे’ काळाचं आहे, आज ये उद्या ये. ‘गाजर दाखवणे’ हल्ली फार चालतं, वर्तमानपत्रांत तर रोज. मला ते पाहुण्या भाषेतून आल्यासारखं वाटतं. त्यात गाढव चालतं, गाडी ओढली जाते, गाडीवानाचं काम होतं, म्हणजे हिशेब तरी उघड आहे. ‘मृगजळ’ फार सुंदर शब्द, पण तिथं दोष द्यायला कुणी नाही. ऊन आहे, वाळू आहे, हरीण आहे.

आमच्या भागात घरात मराठी आणि अंगणात कन्नड, किंवा उलट. बसदीत निम्म्या बायका ‘बा अक्का, कूडु’ म्हणतात आणि निम्म्या ‘ये आक्का, बस’. कन्नडमध्ये हाच अर्थ नाकावर गेलाय: ‘मूगिगे तुप्प सवरुवुदु’, नाकाला तूप चोपडणं. वास भरपूर, चव नाही. मी दोन्ही भाषांच्या मधे वाढले, म्हणून हे दोन्ही मनात शेजारी शेजारी ठेवून बघते. नाकावरचं तूप जास्त क्रूर वाटतं पहिल्यांदा, कारण ते तोंडाच्या अगदी जवळ आहे, श्वासाश्वासाला आठवण करून देणारं. पण नाकावरचं तूप बोटानं पुसून तोंडात घालता येतं की! मी हे एकदा आमच्या मंडळात बोलले तर एक आजी म्हणाल्या, ‘मग कोपरावरचा पण दुसऱ्या हातानं काढून खायचा, कोण नको म्हणतंय?’

सगळ्या हसल्या. मी घरी येईपर्यंत त्याच वाक्याचा विचार करत होते. आजींचं खरं आहे. दुसऱ्या हातानं गूळ काढता येतो. मग हा वाक्प्रचार शेकडो वर्षं टिकला कसा? माझं उत्तर असं: दुसरा हात वापरायचा नाही, ही अट त्यात न बोलता घातलेली आहे. गूळ लावणारा फक्त गूळ लावत नाही, हात पुढं करणं वाईट दिसतं हेही तोच ठरवतो. जिभेनं मिळतंय का बघ, वाट बघ, पण ओरबाडू नकोस, आपल्या माणसात असं करतात होय? म्हणून हा शब्द मला परक्यांच्या व्यवहारात फारसा भेटत नाही. परका फसवतो तेव्हा आपण सरळ ‘फसवलं’ म्हणतो. कोपराला गूळ लावतात ती आपली माणसं. गूळ तरी कसली वस्तू आहे बघा. दारात आलेल्याला गूळ-पाणी, संक्रांतीला तिळाबरोबर गूळ, कन्नड घरांत एळ्ळु-बेल्ल. चुना नाही लावलेला, गूळ लावलाय. तक्रार कशाची करणार?

आणि कोपरही दुसऱ्याचं नाही. टँटलसची फळं झाडावर होती. हा गूळ माझ्या अंगावर आहे, कुणीही बघावं, मोजून घ्यावं. ‘तुझंच आहे ते’ असं म्हणताना लावणाऱ्याला खोटंही बोलावं लागत नाही.

माझ्या आत्याला माहेरचं घर असंच ‘तिचंच’ होतं. आजोबा गेले त्यानंतरची ही गोष्ट. हिंदू वारसा कायदा 1956 साली आला होता. नाव हिंदू असलं तरी तो आपल्या जैनांनाही लागू आहे, त्यात तसं स्पष्ट लिहिलंय. त्या कायद्यानं बापाच्या मालमत्तेत मुलीला वारस केलं. केवढी मोठी गोष्ट! पण त्याच कायद्यात 23 वं कलम होतं. कुटुंब राहतं त्या घरात मुलीचा हिस्सा आहे, मात्र घरातले पुरुष वारस आपापले हिस्से वेगळे करायचं ठरवत नाहीत तोवर तिनं वाटणी मागायची नाही. तिला राहण्याचा हक्क आहे, पण तोही ती अविवाहित असेल, विधवा असेल, नवऱ्यानं टाकली असेल किंवा ती नवऱ्यापासून वेगळी राहत असेल तर. म्हणजे नांदत्या सवाष्ण मुलीचा भिंतीत वाटा आहे आणि ती त्या भिंतीला पाठ लावून बसू शकत नाही. वाक्प्रचाराचं याहून नेमकं उदाहरण मला कुठल्या कथा-कादंबरीत मिळालं नाही. कायद्याच्या भाषेत अलंकार नसतात म्हणतात. 23 वं कलम कोपर आहे, सरळ कोपर.

आत्याला कलम-बिलम काही ठाऊक नव्हतं. ती दर वर्षी चार दिवस यायची, चूल पेटवून सगळ्यांना होळग्या करून घालायची, जाताना उंबऱ्यावर थांबायची. बाबा म्हणायचे, ‘आक्का, घर तुझंच हाय, कवाबी ये.’ आत्या म्हणायची, ‘व्हय की.’ यापलीकडे दोघं कधी बोलले नाहीत. बाबा काही वाईट माणूस नव्हते. त्यांचं बहिणीवर प्रेम होतं, आणि ते वाक्य म्हणताना त्यांचा आवाज दाटून यायचा, हे मी बघितलंय. प्रेमानं लावलेला गूळही जिभेपासून तेवढाच लांब राहतो, हे त्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, कारण त्या घरात मीही तेव्हा लेकच होते आणि माझाही नंबर पुढं लागायचा होता.

पुढं कर्नाटकानं 1994 मध्ये कायदा बदलला, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीनं घेतलं. पण आधीच लग्न झालेल्यांना त्यातून वगळलं. त्या साली लग्न झालेल्या बहिणी आणि न झालेल्या बहिणी एकाच घरात होत्या, एका आईच्या. मोठीला नाही, धाकटीला आहे. काही घरांत तर तारखेवरून बहिणी-बहिणींत अबोला झाला. 2005 मध्ये दिल्लीचा कायदा आला आणि लग्नाची अट गेली; 23 वं कलमही त्याच वेळी गेलं. 2020 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मुलीचा हक्क जन्मानं आहे, 2005 मध्ये वडील हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजे अर्ध्या शतकाहून जास्त काळ गूळ हळूहळू कोपरावरून मनगटाकडे सरकत आला. आता तो तळहातावर आहे असं कायदा म्हणतो.

आणि इथंच माझ्या लेखाचा दुसरा शब्द येतो, मधुबिंदू.

आपल्या घरांत ही गोष्ट ठाऊक नाही अशी बाई सापडणार नाही. बसदीच्या भिंतीवर चित्र असतं, नाहीतर कॅलेंडरवर तरी. रानात वाट चुकलेला माणूस, मागं लागलेला हत्ती. पळता पळता तो विहिरीवर वाकलेल्या वडाच्या पारंबीला लोंबकळतो. खाली अजगर आ करून बसलाय, चार बाजूंना चार साप. पारंबी दोन उंदीर कुरतडतायत, एक पांढरा, एक काळा. हत्ती झाड हलवतो, पोळं उठतं, माश्या डसतात. त्या गोंधळात पोळ्यातून मधाचा एक थेंब त्याच्या ओठावर पडतो. तो चाटतो. विमानातून जाणारा विद्याधर हात पुढं करतो, चल, वर ये. हा म्हणतो, थांबा, एवढा एक थेंब. हत्ती म्हणजे मृत्यू, उंदीर म्हणजे शुक्ल आणि कृष्ण पक्ष, साप म्हणजे चार कषाय. माश्या म्हणजे कुठं रोग, कुठं नातेवाईक. (मध हा आपल्याकडे मद्य-मांसाबरोबरच वर्ज्य. आयुष्यभर न चाखलेल्या पदार्थाच्या लोभाची गोष्ट आम्ही किती रस घेऊन ऐकतो, याची मला लहानपणी फार मौज वाटायची.)

ही गोष्ट श्रेष्ठच आहे, त्यात शंका नाही. टँटलसहून तर कितीतरी खोल. टँटलसला काहीच मिळत नाही, म्हणून तो फक्त तळमळतो. इथं थेंब खरंच ओठावर पडतो. थोडंसं मिळतं, म्हणून माणूस अडकतो. नुसत्या उपाशी माणसानं विद्याधराचा हात केव्हाच धरला असता. तृष्णेचं हे वर्म आपल्या आचार्यांनी ओळखलं आणि हजार-दीड हजार वर्षं वेगवेगळ्या ग्रंथांत सांगितलं: संघदासगणींच्या वसुदेवहिंडीत, हरिभद्रसूरींच्या समराइच्चकहेत, हेमचंद्राचार्यांच्या परिशिष्टपर्वात. महाभारतातही थोड्या फरकानं आहे, आणि पुढं हीच गोष्ट फिरत फिरत युरोपातल्या ख्रिस्ती संतकथांतही जाऊन बसली.

पण कोपराचा गूळ आणि मधाचा थेंब या दोन प्रतिमांमध्ये एक मोठा फरक आहे आणि त्याकडे आपलं लक्ष जात नाही. मधाच्या गोष्टीत दोष चाटणाऱ्याचा आहे. त्याच्या ओठावर मुद्दाम मध टाकणारा कुणी नाही, पोळं आपोआप गळतं. त्याला सांगायचं एकच: सोड. गुळाच्या वाक्प्रचारात दोष लावणाऱ्याचा आहे. चाटू बघणाऱ्यानं काहीही चुकीचं केलेलं नाही. जे त्याच्याच अंगावर आहे, ते त्याला तोंडात हवंय. एक प्रतिमा इच्छेविषयी आहे, दुसरी व्यवहाराविषयी. दोन्ही खऱ्या. घोटाळा होतो तो एकीच्या जागी दुसरी वापरली की.

आणि तो घोटाळा आपल्या घरांत रोज होतो. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या नात्यातल्या एका बाईंनी, वय झालेलं, नातवंडं असलेली बाई, भावाला विचारलं, की माझ्या हिश्श्याचं काय करायचं ठरवलंयस? पर्युषणाचे दिवस होते, आकिंचन्य धर्माचा दिवस. भाऊ काहीच बोलला नाही. भावजयही नाही. घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी शांत आवाजात त्यांना मधुबिंदूची गोष्ट सांगितली. पूर्ण सांगितली, हत्तीपासून विद्याधरापर्यंत. शेवटी म्हणाले, ‘किती दिवस तो थेंब चाटत बसणार बाई? आपला धर्म काय सांगतो?’ त्या काय बोलणार? डोळे पुसून उठल्या, आणि दिवाळीनंतर जाऊन हक्कसोड पत्रावर सही करून आल्या. साडी-चोळी झाली. पेढे वाटले.

मी त्या दिवसापासून विचारत आले आहे, की त्या घरात विहिरीत लोंबकळत कोण होतं? सोळा एकर बागायत, दोन बोअर, ऊस, ते सगळं ज्याच्या ओठावर गळत होतं तो, की जिला आजवर एक थेंबही मिळालेला नाही ती? गोष्ट सांगायचीच होती तर समोर बसलेल्या भावाला सांगायला हवी होती.

आणि हे माझ्या मनाचं नाही. ग्रंथ उघडून बघा, ही गोष्ट कोण कुणाला सांगतंय. हेमचंद्राचार्यांच्या कथेत सांगणारा आहे जंबूकुमार. राजगृहाच्या धनाढ्य शेठचा एकुलता एक मुलगा, त्याच दिवशी आठ मुलींशी लग्न झालेलं, सकाळी सगळं सोडून दीक्षा घेणार. ऐकणारा आहे प्रभव, चोरांचा नायक, जो त्याच रात्री त्या घरात चोरी करायला शिरलाय. म्हणजे स्वतःचं सोडणारा माणूस, दुसऱ्याचं घ्यायला आलेल्या माणसाला ही गोष्ट सांगतो. आणि प्रभव ती ऐकून बदलतो, पुढं जंबूस्वामींचा शिष्य होतो. महाभारतात विदुर ती सांगतो धृतराष्ट्राला, स्त्रीपर्वात. पांडवांनी पाच गावं मागितली तेव्हा ज्याच्या घरानं सुईच्या टोकावर मावेल एवढी मातीही दिली नाही, तो राजा ऐकतोय, आणि बाहेर त्याच्या सुना रडतायत. विदुर हे त्या सुनांना सांगत नाही. आपला हिस्सा मागायला आलेल्या माणसाला मधुबिंदू सांगितल्याचं मी कुठं वाचलेलं नाही. ते आपण, आपल्या सोयीसाठी, घरात सुरू केलंय.

अपरिग्रहाचंही तसंच. परिग्रह सोडायचा तर तो आधी असावा लागतो. जे हातात आलंच नाही ते सोडलं, याला त्याग म्हणायचं असेल तर भिकारी सगळ्यात मोठा त्यागी. जंबूकुमारानं सोडलं ते त्याचं होतं, सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्या सोडण्याला तेज आलं. बहिणीला आधी द्या. उताऱ्यावर नाव लावा. मग तिला वाटलं तर ती बसदीला देईल, भाच्याला देईल, भावालाच परत देईल. तेव्हा तो उत्तम त्याग होईल आणि त्याचं पुण्य तिचं असेल. आता जे होतं त्यात त्याग तिच्या नावावर आणि जमीन त्यांच्या.

कन्नडमध्ये हक्कसोड पत्राला ‘हक्कु बिडुगडे पत्र’ म्हणतात. बिडुगडे म्हणजे सुटका, मुक्ती. मराठीतला ‘सोड’ निदान कोण सोडतंय ते सांगतो. कन्नडमधला शब्द वाचून वाटतं, बाई कुठल्यातरी बंधनातून सुटली. रजिस्ट्रारच्या कचेरीत दोन्ही भाषांतले कागद मी वाचलेत. मला तरी मराठी शब्द जास्त खरा वाटला.

याचा अर्थ गूळ पुरुषच लावतात असा नाही. आपण बायका यात कच्च्या नाही. एकाच पाटल्यांची जोडी तीन सुनांना वेगवेगळ्या वेळी कबूल केलेली सासू मला ठाऊक आहे. तिघींनी तिची सेवा मात्र मन लावून केली, आणि ती गेल्यावर पाटल्या निघाल्या लेकीच्या हातात. त्यावर तिघी भांडल्या त्या एकमेकींशी. मोठीनं नंतर मला जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय: ‘तीन कोपरं नि गुळाचा एकच खडा, वैनी. मामींचं डोकं बघा की.’ तिच्या आवाजात राग कमी आणि दाद जास्त होती.

वडोदऱ्याच्या नातीनं मला परवा पुन्हा विचारलं, की परीक्षेत ‘टँटलाइझ’चा अर्थ ‘कोपराला गूळ लावणे’ लिहिला तर बाई मार्क देतील का? मी म्हटलं, वाक्यात उपयोग करून लिही, मग देतील. तिनं वाक्य केलं: ‘पप्पांनी सायकल घेऊन देतो म्हणून माझ्या कोपराला गूळ लावला.’ चांगलं वाक्य आहे. मी तिला सांगितलं, ‘खरं, सायकल कुणाच्या नावावर घेणार तेही विचार.’

आत्या गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिच्या मुलींनी, म्हणजे माझ्या आतेबहिणींनी, तिच्या हिश्श्यासाठी मागच्या वर्षी अर्ज दिलाय. माझा भाऊ काही वेडंवाकडं बोलला नाही, मीही माझं नाव त्याच अर्जात घातलं. पर्युषणात घरात सगळे जमलो होतो तेव्हा कुणीतरी मधुबिंदूची गोष्ट काढली. मी म्हटलं, सांगा, पण जंबूकुमारापासून सुरू करा. मग विषय जेवणाकडे गेला. उतारा अजून जुन्याच नावांचा आहे.